विहाराच्या दाराचं सागवान कोणत्या देशाचं

किसनराव गवई कुणाच्या घरी गेले की आत पाय टाकायच्या आधी दाराला हात लावतात. चौकटीवर तळवा ठेवतात, अंगठ्याचं नख रुतवून बघतात, नाक जवळ नेतात. मग म्हणतात, "मलेशिया. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं बांधकाम दिसते." घरमालक म्हणतो, "हाव जी, अठ्ठ्याण्णवचंच!" आमच्या वलगावात निम्म्या घरांचं वय त्यांनी असं दारावरून सांगून ठेवलं आहे. एकदा सोयरिकीच्या बोलणीला त्यांना नेलं होतं. मुलाकडचे म्हणत होते की घर नवं बांधलं, आणि किसनराव दारातच म्हणाले, "जुनंच हाये, रंग नवा हाये." सोयरीक झाली नाही. पंचफुलाबाई, त्यांची बायको, हे अजून काढते. "पोराले पाह्याले नेलं होतं, दाराले नाही."

मी त्यांच्या मागच्या गल्लीत राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून विहारातल्या मुलांची शिकवणी घेते. किसनरावांची आणि माझी ओळख झाली ती नकाशामुळे.

विहार म्हणजे तेव्हा टिनाची शेड होती. बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शाळेनं टाकून दिलेला एक जगाचा नकाशा, एवढंच आत होतं. एका संध्याकाळी डोक्यावर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर लाकडाचा भुसा बसलेला माणूस दारात सायकल टेकवून उभा राहिला.

"ताई, मलेशिया कोठी हाये?"

मी बोट ठेवून दाखवलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग विचारलं, "अन गुजरात?" तेही दाखवलं. त्यांनी एक बोट मलेशियावर ठेवलं, समुद्रातून सरकवत लंकेला वळसा घातला आणि गुजरातच्या बंदरावर आणून थांबवलं.

"एवढ्या दुरून येते," ते म्हणाले, "अन इथी येऊन संडासाचं दार होते."

किसनराव बडनेरा रोडवरच्या एका आरा मशीनवर कामाला होते. वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे. पोरानं उन्हातून सुटावं एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पोरगं उन्हातून सुटलं आणि भुशात गेलं. आधी ट्रॉली ढकलायचं काम, मग हळूहळू आऱ्याच्या पट्ट्यापुढे उभं राहायचं. तो दातांचा पट्टा गरगर फिरत असतो आणि समोरून ओंडका सरकवायचा असतो. नजर हलली तर बोट गेलं.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल विचारलं तर ते म्हणतात, "तवा एकच देश होता. मेळघाट."

परतवाड्याच्या सरकारी डेपोत लिलाव व्हायचा. मेळघाटातल्या सेमाडोहच्या बाजूचं सागवान सालीसकट ट्रकमधून यायचं. काळ्या रेघांचं, गाठींचं. "लय भांडखोर लाकूड," ते सांगतात. "सरळ कापू म्हनलं का आडवं जाते. पन एकदा दार झालं का मंग हालत नाही." पुढे वाघांसाठी जंगल राखायचं ठरलं, तोड कमी होत गेली, आणि एक दिवस मालकांनी सांगितलं की आता माल गुजरातेतून येईल. सगळे कामाला लागले. किसनराव मात्र अडून बसले. गुजरातेत एवढं जंगल आलं कुठून? ट्रक आला तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजून विचारलं. ड्रायव्हर हसला. म्हणाला, जंगल नाही काका, बंदर आहे.

तो पहिला मलेशियाचा माल. लाल, जड, आखून वाढवल्यासारखा सरळ. सागवानाला असतो तसा तेलकट वास नाही. त्यांनी ओंडक्याला जीभ लावून पाहिली, तर खारट लागली. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आजही पाहिलेला नाही. पण चव माहीत आहे, असं म्हणतात.

मग दर काही महिन्यांनी ते नकाशापुढे यायला लागले. आज हा देश, उद्या तो. बंदरावरची माणसं ओंडक्यांच्या टोकांना रंग फासून पाठवायची. मलेशियाच्या लाल लाकडाला पिवळा, आणि नंतर जे सागवान यायला लागलं त्याला हिरवा. मुनीम ओरडायचा, "बर्मा आला रे, हिरवा उतरवा!" तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की हिरवा म्हणजे बर्मा.

बर्मा म्हणजे ब्रह्मदेश, हे मीच त्यांना सांगितलं. तिथं गावोगाव पॅगोडे आहेत, पोरंसोरं चीवर घालून भिक्खूंच्या मागं जातात, आपले बाबासाहेब तिथं रंगूनला बौद्ध परिषदेला गेले होते, हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आरा मशीनवर हिरव्या टोकाचा पहिला ओंडका ट्रॉलीवर चढला की ते हात जोडायचे. बाकीचे मजूर हसायचे. "किसनराव, लाकडाले पाया पडून राह्यले का?" ते म्हणायचे, "ज्या गावातून आलं त्या गावाले."

बर्म्याचं लाकूड कापताना पट्ट्याचा आवाजच बदलतो म्हणे. लोण्यातून सुरी जावी तसं. रेघा केसासारख्या बारीक, एकीला एक लागून, म्हणजे झाड सावकाश, कुणीही घाई न करता वाढलेलं. पहिल्यांदा आलेले ओंडके दोन माणसांच्या कवेत मावायचे नाहीत. नंतर एकाच्या कवेत मावायला लागले. मग आणखी बारीक झाले. किसनराव तेव्हाच म्हणाले होते, "ताई, ह्याईचंही मेळघाट होऊन राह्यलं." आणि तसंच झालं. बातमी आली की त्या देशानं ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं.

त्यानंतर आफ्रिका. घाना, आयव्हरी कोस्ट, टांझानिया. मग त्याच्याही पलीकडून इक्वेडोर, पनामा. आखूड, मांडीएवढे ओंडके, लोखंडी पेट्यांत भरून आलेले. सागच, पण लागवडीचा. त्याच्या रेघा बोट-बोट रुंद. किसनरावांना त्यांची कीव यायची. "पोट्टे पाठवते हे," म्हणायचे. "मिसरूड फुटलं नाही अन कापून पाठवलं." आणि लगेच दुसरा प्रश्न. तिथं तोडणारा माणूस कसा असेल? त्याच्याही बोटांवर अशाच खुणा असतील? त्यांच्याकडे जमीन काळी की लाल? मला काय माहीत असणार? मी आपलं नकाशावर बोट ठेवायची.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

ब्रह्मदेशाचं लाकूड बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हाची गोष्ट. एका रविवारी वंदनेनंतर किसनराव उभे राहिले आणि म्हणाले, "आपलं पक्कं विहार जवा होईल तवा त्याचं दार माह्याकून. बर्म्याच्या सागवानाचं." सगळ्यांनी साधू साधू साधू म्हटलं. त्यांनी मालकाला सांगून ठेवलं की शेवटच्या बर्मा ट्रकमधल्या एका चांगल्या ओंडक्याच्या फळ्या मला द्या, पगारातून कापून घ्या. पण नेमका त्या दिवसांत त्यांचा उजवा हात ट्रॉलीखाली सापडला. हाड मोडलं, हात गळ्यात आला आणि ते घरी बसले. ओंडका दुसऱ्याच मिस्त्रीनं कापला. चार फळ्या टेंपोतून घरी आल्या, टोकांना चिरू नये म्हणून डांबर फासलेलं, आणि डांबराखालून डोकावणारा हिरवा रंग. किसनरावांनी डावा हातच कपाळाला लावून नमस्कार केला.

त्या फळ्या त्यांनी समोरच्या खोलीत भिंतीलगत विटांवर ठेवल्या. कडुलिंबाचा पाला घातला, वर पांढरं धुतलेलं पांघरूण. त्यावर कुणी बसायचं नाही, ओलांडायचं नाही, तिकडे पाय करून झोपायचं नाही. आणि रंधा तर अजिबात मारायचा नाही. मी एकदा म्हटलं, किसनराव, जगाच्या दारांना नख लावता, हे लाकूड एकदा उघडून तर बघा. त्यांनी कानाला हात लावला. "भंतेजीले जेवन वाढाच्या आधी आपन चाखतो का, ताई? दान बोललं, म्हनजे आता ते आपलं नाही." आमच्याकडे तशीच रीत आहे.

विहार पक्कं व्हायला अकरा वर्षं लागली. कधी वर्गणी थांबली, कधी रेती. पंचफुलाबाई वैतागून म्हणायच्या, "पाहुना आला तर त्याले बसाले जागा नाही, अन हे लाकूड आरामात झोपून हाये." पण दर पौर्णिमेला पाला बदलायच्याही त्याच.

यंदा स्लॅब टाकून झाला, फरशी झाली. बुद्धपौर्णिमेला दार बसवायचं ठरलं. चैत्राच्या उन्हात फळ्या नत्थुजी सुताराच्या दुकानात गेल्या. नत्थुजी आमच्या गावातला जुना कारागीर, विश्वकर्म्याचा फोटो लावून बसणारा, किसनरावांचा दोस्त आणि तोंडाचा फटकळ. मी आणि पंचफुलाबाई मुद्दाम बघायला गेलो. अकरा वर्षं पांघरलेली वस्तू उघडणार होती ना.

किसनरावांनी फळीला नमस्कार केला. नत्थुजी म्हणाले, "झालं का जी तुमचं? का अगरबत्ती आनू?" आणि मशीनचा रंधा फिरवला. वरचा काळा थर निघाला, सोनेरी रंग दिसला. पंचफुलाबाई म्हणाल्या, "वो माय, किती साजरं!"

नत्थुजींनी रंधा बंद केला. फळी उजेडाकडे कलती केली. किसनराव वाकले, फळीवरून हात फिरवला. मग खिशातून चष्मा काढून लावला. मी पण पाहिलं. रेघा होत्या, पण एकीपासून दुसरी बोटभर लांब. कडेला कोवळ्या लाकडाचा पांढरट पट्टा.

"दुसरी काढा," किसनराव म्हणाले.

दुसरी तशीच. तिसरी, चौथी, सगळ्या एकाच ओंडक्याच्या, सगळ्या तशाच.

"किसनराव, लाकूड चांगलं हाये," नत्थुजी हळू आवाजात म्हणाले. "सागच हाये. पन..."

"बर्मा नाही," किसनराव म्हणाले. "पोट्टं हाये."

ते बाकावर बसले. पंचफुलाबाईंनी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. मला वाटलं आता हा माणूस रडेल. पण ते रडले नाहीत. चष्मा पुसला, आणि जे बोलले ते ऐकून नत्थुजींनी कपाळाला हात लावला.

"मंग हे हाये तरी कुठचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला निघालो. ते, पंचफुलाबाई आणि मी. आरा मशीन बंद होऊन काही वर्षं झाली, मालक वारले. पण तिथले मुनीम चंद्रभानजी अकोल्यात मुलाकडे राहतात, एवढं किसनरावांना माहीत होतं. एसटीत ते खिडकीशी बसून एकच गोष्ट परत परत सांगत होते. टोकाला हिरवा रंग होता. मी डोळ्यानं पाहिला. हिरव्यात दुसरं काही निघालेलं मी जन्मात पाहिलं नाही. मूर्तिजापूर गेलं तरी ते हिरव्यावरच होते. पंचफुलाबाई शेवटी म्हणाल्या, "तुमी हिरवं हिरवं करून राह्यले, मले मळमळ सुटली."

चंद्रभानजींच्या मुलाचं प्लायवूडचं दुकान आहे. तिथं अस्सल लाकडाचा एक तुकडा नाही. सगळं दाबलेलं, चिकटवलेलं, वर सागवानाच्या रेघांचा कागद. किसनरावांनी सवयीनं एका पाटीला हात लावला आणि काढून घेतला. चंद्रभानजी आतून काठी टेकत आले. जयभीम, रामराम झालं. किसनरावांनी फळीचा हातभर तुकडा पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

चंद्रभानजी खो-खो हसले.

"अरे बाप्पा किसन, बर्मा कुठचा? तो ट्रक आला तवा बर्मा बंद होऊन तीन महिने झाले होते."

"पन हिरवा होता."

"हिरवा म्हनजे सागवान! बंदरावरचे लोक सागवानाले हिरवा लावत. आधी सागवान बर्म्याहूनच ये, म्हनून आपन हिरव्याले बर्मा म्हनत. मंग माल आफ्रिकेचा याले लागला, पन रंगाचा डबा तर तोच राह्यला. तू परत कामावर आला तवा माल पेट्यांत याले लागला होता, रंग लावनं बंद झालं होतं."

किसनराव म्हणाले, "तुमी तवा सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं का? तू तर हात बांधून घरी बसला होता. मालक म्हने, किसनले हिरव्याच्या चार फळ्या दे, म्या देल्ल्या." चंद्रभानजींनी तुकडा उलटापालटा केला. त्यांचं हसू आता गेलं होतं. "तुले बर्माच पाह्यजे होता, हे मले कोनं सांगतलं नाही रे. मी म्हनलं, सागवान पाह्यजे असंन."

"हे घाना का आयव्हरी कोस्ट?"

"आता ते कसं सांगू? टांझानियाही असू शकते. तिन्ही येत होते. मले तर सगळे सारखेच दिसत."

किसनरावांनी तुकडा परत घेतला. निघताना चंद्रभानजींच्या सुनेनं सगळ्यांना ताक दिलं. परतीच्या एसटीत ते पहिल्यांदा हिरव्याबद्दल बोलले नाहीत. बडनेरा दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "ताई, आपन चौथं शील म्हनतो. खोटं बोलनार नाही. मी तर खोटं बोललो नाही. मले तसंच वाटलं."

मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलला नाहीत.

"पन आता मालूम पडलं. आता नाही सांगतलं तर?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. स्वतःलाच विचारलं होतं.

विहार समितीचा सचिव सुगत. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस विहाराच्या बांधकामावर घालवलेला पोरगा. त्याला कळलं तेव्हा तो किसनरावांच्या घरी आला. मी तिथंच होते. त्यानं निमंत्रणपत्रिका पुढे ठेवली. 'ब्रह्मदेशातील सागवानाच्या प्रवेशद्वाराचे लोकार्पण.' चौकात फ्लेक्सही लागला होता.

"आबा, दर्यापूरहून लोक येऊन राह्यले, अकोटहून येऊन राह्यले. बर्म्याचं दार पाह्याले. वर्गणी देल्ली त्याईनं ह्याच नावावर. आता मी त्याईले काय सांगू?"

"सांग, किसन चुकला."

"तुमी चुकले नाही. अन कोनाले समजनार हाये? तुमी, मी, नत्थुजी." तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमीच सांगा. म्हाताऱ्या मानसाची हसी झाली तर आपल्याले बरं वाटन का?"

पोरगं किसनरावांच्याच काळजीनं बोलत होतं, म्हणून मला राग आला नाही. मी काही म्हणायच्या आत त्यानं मोबाइल काढला. "अन हे पाहा. मी वाचलं. साग हे आफ्रिकेचं झाडच नाही. शंभर-सव्वाशे वर्साआधी त्याचं बी इकडून नेलं. भारतातून, ब्रह्मदेशातून. म्हनजे बी तर बर्म्याचंच ना?"

किसनराव एकदम ताठ बसले. मला वाटलं, सुटका सापडली. पण त्यांच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. "बी नेलं? कोनं नेलं? बोटीतून? बी खराब होत नाही का एवढ्या दूर?" ते विचारतच सुटले. सुगत जेवढं वाचलं होतं तेवढं सांगत गेला. गोरे लोक होते, इंग्रज होते, जर्मन होते. तेवढ्यात पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मंग बर्माच झालं म्हना."

"नाही झालं," किसनराव म्हणाले. "भारतातून नेलं असंन तर? मंग ते मेळघाटचं झालं का? मालूम नाही म्हनजे मालूम नाही."

सुगत पत्रिका उचलून गेला. जाताना तोंड उतरलेलं होतं.

रविवारी विहार भरलं. नव्या विहारात अजून दार नव्हतं. मोकळ्या जागेतून उन्हाचा चौकोन आत पडला होता. मुलांच्या रांगेत मी बसले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. चौथं शील म्हणताना मी डोळे उघडून पाहिलं, तर किसनरावांचे मिटलेले होते आणि ओठ सगळ्यांच्या थोडे मागून चालत होते.

वंदना संपली आणि ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"मी तुमाले बर्म्याचं दार देतो म्हनलं होतं," ते म्हणाले. "ते लाकूड बर्म्याचं नाही. मले मालूम नव्हतं. आता मालूम पडलं."

एवढं बोलून थांबतील असं वाटलं होतं. पण ते थांबले नाहीत. हिरव्या रंगाचं सांगितलं, चंद्रभानजींचं सांगितलं. भिंतीवरच्या नकाशापाशी गेले, तो आता फ्रेममध्ये आहे, आणि घाना, आयव्हरी कोस्ट, टांझानिया ह्या तिन्हींवर बोट ठेवून दाखवलं. बियांचंही सांगितलं. कुणीतरी हसलं. मागून एक आवाज आला, "आबा, दाराचा भूगोल झाला, दार कधी?"

"तेच इचारून राह्यलो. मी बोललो एक अन निघालं एक. हे दान तुमी घ्या का नका घेऊ, तुमी ठरवा. नाही म्हनले तरी माह्या मनात काही नाही." पण ज्याच्या मनात काही नाही असा माणूस फ्रेमचा कोपरा एवढा घट्ट धरून उभा राहत नाही.

सुगत मान खाली घालून बसला होता. मग पुढच्या रांगेतून शालूआजी म्हणाल्या. शालूआजी म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर, ऐकायला कमी येतं म्हणून नेहमी पुढं बसणाऱ्या.

"किसन, त्या देशात लोक राह्यते ना?"

"राह्यते, आजी."

"कष्टाचे?"

"लाकूड तोडते म्हनजे कष्टाचेच असतीन."

"मंग काय बिघडलं? बुद्धानं दाराले देश इचारला का?" आणि शेजारणीला मोठ्यानं, "लाकूड चांगलं हाये ना वो? किडकं तं नाही?"

आता हसू मोकळं झालं. साधू साधू साधू कुणी आधी म्हटलं ते मला सांगता येणार नाही. किसनराव खाली बसले ते थेट फरशीवर, चटई सोडून. सुगत उठला, मोबाइल घेऊन बाहेर गेला आणि फ्लेक्सवाल्याला फोन लावला. आम्हाला आतून ऐकू येत होतं. "ब्रह्मदेश काढा. काय टाकू? थांबा... काहीच नका टाकू. नुसतं सागवान टाका."

पण एक गोष्ट राहिली. त्याच दुपारी किसनराव नत्थुजींच्या दुकानात गेले आणि सांगितलं, झडपा चौकटीत घट्ट बसवू नका. जुनं, सावकाश वाढलेलं लाकूड पाऊस झाला तरी फारसं फुगत नाही, हे फुगेल. मधली फट जास्त ठेवा. नत्थुजी म्हणाले, "आता मले शिकोसान का?" आणि मग पट्टी काढून पुन्हा मोजलं, कारण त्यांनी मापं आधी बर्मा धरून घेतली होती.

बुद्धपौर्णिमेला दार बसलं. दर्यापूरचे आले, अकोटचे आले. काहींनी विचारलं, बर्म्याचं म्हणत होते ना? ज्यानं त्यानं आपापल्या परीनं उत्तर दिलं. एक बाई तर घाना म्हणजे तिच्या भाच्याचं गाव समजून आनंदानं घरी गेली, तिला कुणी अडवलं नाही. चंद्रभानजी मुलाच्या गाडीतून अकोल्याहून आले आणि पूर्ण वेळ दारापाशी खुर्ची टाकून बसले, जणू मालाची राखण करायला.

आता वर्षावास सुरू आहे. रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पावसानं सगळ्या वस्तीची दारं फुगली आहेत. माझ्या स्वयंपाकघराचं तर लाथ मारल्याशिवाय लागत नाही. विहाराचंही फुगलं आहे, पण पाहिजे तेवढंच. लहान पोरगीसुद्धा एका हातानं लोटते.

किसनराव लवकर येतात, पायऱ्या झाडून घेतात. सुगतनं गुजरातच्या बंदराजवळच्या गांधीधाममधल्या, लाकडाच्या कुठल्या तरी जुन्या दलालाचा नंबर मिळवला आहे. दोघं मिळून त्याला फोन करतात, तो उचलतो कधी, कधी नाही. शालूआजी काठी टेकत येतात, उंबरठ्यापाशी दम घ्यायला थांबतात आणि दर वेळी विचारतात,

"काय रे किसन, लागला का पत्ता?"

"नाही लागला, आजी."

"लागन," त्या म्हणतात, आणि दाराला धरून आत येतात.